अडतिसाव्या वर्षी दातांना तारा

जुलै २०२१ मध्ये आमच्या साताऱ्यातल्या शाळेचे तास अजून ऑनलाइनच चालू होते. आठवीच्या मुलांना वर्णांची उच्चारस्थाने समजावून देण्यासाठी मी एक छोटी चित्रफीत तयार केली आणि काही चूक राहू नये म्हणून पाठवण्यापूर्वी स्वतः पाहत बसले. 'प, फ, ब, भ, म हे ओष्ठ्य वर्ण आहेत, यांच्या उच्चारात दोन्ही ओठ एकमेकांना टेकतात,' असे मी पडद्यावर सांगत होते आणि माझे ओठ मात्र टेकत नव्हते. खालचा ओठ वरच्या दातांना लागून परत येत होता. पंधरा वर्षे मराठी शिकवणाऱ्या बाईचा 'म' दातांवर तयार होतो, हे त्या दिवशी प्रथम माझ्या लक्षात आले. ती चित्रफीत मी पाठवलीच नाही; फळ्यावर काढलेली आकृती पाठवली.

वरचे दात पुढे असल्याचे अर्थात मला नव्याने कळले नव्हते. फोटो काढताना ओठ आवळून धरायचे ही सवय इतकी जुनी होती, की माझ्या लग्नाच्या अल्बममध्येही मी रागावल्यासारखी दिसते. लहानपणी वडिलांच्या बदल्यांच्या गावी तारा बसवणारे कोणी नव्हते, आणि खालच्या दातांची एकमेकांवर चढलेली गर्दी पाहून आजी 'दातावर दात म्हणजे भाग्याचं लक्षण' असे म्हणत असल्यामुळे घरात कोणाला तो विषय महत्त्वाचा वाटला नाही. पुढे नोकरी, संसार, मुलीचे शिक्षण या क्रमात दात कुठेच बसले नाहीत.

पहिल्या दवाखान्यात मला जो सल्ला मिळाला तो आजही आठवला की अंगावर काटा येतो. तिथल्या डॉक्टरांनी आरसा हातात देऊन सांगितले, की वरचे पुढचे सहा दात रूट कॅनाल करून घासू आणि त्यांवर कॅप बसवू. पंधरा दिवसांत काम होईल, दोन वर्षे तोंडात लोखंड कशाला बाळगता? 'अहो, पण हे दात चांगले आहेत ना?' असे मी विचारले, तेव्हा आजकाल सगळे असेच करून घेतात, असे उत्तर आले. पंधरा दिवसांचा मोह मोठा होता, हे कबूल करते. मी आगाऊ रक्कम भरायलाही तयार झाले होते. केवळ त्या दिवशी पर्समध्ये पुरेसे पैसे नव्हते म्हणून घरी आले. घरी यांनी एकच प्रश्न विचारला, 'कॅप घालून दात मागे कसे जातील? मुळं तर तिथंच राहणार.' हे विज्ञानाचे शिक्षक नाहीत, बँकेत आहेत; पण प्रश्न बरोबर होता.

मग ऑर्थोडॉन्टिस्टची, म्हणजे वाकडे दात तारांनी सरळ करणाऱ्या डॉक्टरांची, चौकशी केली. बीडीएसनंतर या एकाच विषयात तीन वर्षांचे एमडीएस केलेले डॉक्टर वेगळे असतात, हे मला तोपर्यंत माहीत नव्हते, आणि माझ्या अनुभवावरून इतरांनाही ते बहुधा माहीत नसते. सापडलेल्या डॉक्टर माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान होत्या. त्यांनी तोंडाकडे पाहण्याआधी कागदावर माहिती घेतली: मधुमेह आहे का, थायरॉईडची गोळी चालू आहे का, हिरड्यांतून रक्त येते का, झोपेत दात खाता का. त्यानंतर सगळा जबडा एका पट्टीत दाखवणारा एक्स-रे, चेहऱ्याचा बाजूने काढलेला दुसरा एक्स-रे, ओठ मिटून आणि दात दाखवून काढलेले फोटो, आणि शेवटी दातांचे माप. मापासाठी गुलाबी लगद्याने भरलेला ट्रे तोंडात दाबून धरतात. तो घट्ट होईपर्यंतचे मिनिट-दीड मिनिट उमासे रोखून नाकाने श्वास घ्यावा लागतो, आणि पायाची बोटे हलवत राहा म्हणजे लक्ष तिकडे जाईल, या त्यांच्या सूचनेचा खरोखर उपयोग होतो.

आठवड्याने माझ्या दातांचे प्लास्टरचे साचे टेबलावर ठेवून त्यांनी निदान सांगितले: वर्ग दोन, विभाग एक. शिक्षिकेला वर्ग आणि तुकडी मिळाली म्हणून मी हसले. अमेरिकेतल्या एडवर्ड अँगल यांनी १८९९ मध्ये दाढा एकमेकींवर कशा बसतात यावरून ही विभागणी केली आणि ती अजून वापरात आहे. माझ्या बाबतीत वरचे पटाशीचे दात खालच्यांच्या ८ मिलिमीटर पुढे होते. साधारण २ ते ३ मिलिमीटरचे अंतर हे नेहमीचे मानले जाते. खालचे दात दाटीने बसलेले होते आणि चावताना वरच्या दातांच्या मागे जवळजवळ झाकले जात होते. वाढीच्या वयात जबड्याच्या वाढीला थोडी दिशा देता येते, पण अडतिसाव्या वर्षी ती वाट बंद झालेली असते. त्यामुळे दात मागे घ्यायचे तर जागा हवी, आणि जागेसाठी सुळ्यामागची प्रत्येकी एक अशा चार उपदाढा काढाव्या लागतील, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. उपचाराला २४ महिने, धातूच्या तारांचे ४५ हजार रुपये, हप्त्याने. ब्रॅकेट, म्हणजे तार धरण्यासाठी प्रत्येक दातावर चिकटवायचे छोटे तुकडे, दातांच्या रंगाचे सिरॅमिकचे घेतल्यास १५ हजार अधिक. मी धातूचे निवडले. लपवायचेच असते तर मास्क होताच.

परंतु तारा लगेच बसल्या नाहीत. हिरड्यांतून रक्त येणे थांबल्याशिवाय सुरुवात करणार नाही, यावर डॉक्टर ठाम राहिल्या. मोठ्या माणसांत दाताभोवतीचे हाड आजारी असेल आणि त्यावर जोर लावला तर दात सरळ होण्याऐवजी सैल होतात, असे कारण त्यांनी दिले. म्हणून आधी दात साफ करून घेतले, दोन किडलेल्या दाढा भरून घेतल्या, आणि वयाच्या अडतिसाव्या वर्षी घासायला नव्याने शिकले: ब्रश हिरडीच्या कडेला तिरका धरून, लहान लहान हालचालींनी, आतल्या बाजूनेसुद्धा. सहा आठवड्यांनी रक्त थांबले.

ऑक्टोबरमध्ये दात काढले, एका आठवड्यात डावीकडचे दोन आणि पुढच्या आठवड्यात उजवीकडचे. दुखण्याबद्दल लिहिण्यासारखे फारसे नाही; भूल उतरल्यावर एक दिवस जबडा जड वाटला, इतकेच. मनाला मात्र ते लागले. न किडलेले, न हलणारे चार दात स्टीलच्या वाटीत पडलेले पाहिले तेव्हा पोटात कालवले. लहानपणी पडलेला दुधाचा दात कौलांवर टाकत असू. या चार दातांचे काय करायचे ते कोणी सांगून ठेवलेले नव्हते. सासूबाई दोन दिवस मऊ भात वाढता वाढता म्हणाल्या, 'लोक या वयात दात राहावेत म्हणून धडपडतात.' त्यावर माझ्यापाशी उत्तर नव्हते.

दिवाळीचा फराळ होऊन जाऊ द्या, मग तारा बसवू, असे डॉक्टरांनीच सुचवले. चकल्या आणि कडक बुंदीचे लाडू मी त्या वर्षी निरोप घेतल्यासारखे खाल्ले. २२ नोव्हेंबरला वरच्या ओळीत ब्रॅकेट लागले. त्याच्या चार दिवस आधी दाढांच्या फटींत बारीक निळी रबरी वळी अडकवून ठेवली होती, जेणेकरून दाढेभोवती पट्टी बसण्यापुरती जागा व्हावी. दातांत काहीतरी अडकले आहे आणि निघत नाही, ही भावना चार दिवस अखंड कशी असते याची कल्पना ज्यांना सुपारीचे खांड अडकल्याचा अनुभव आहे त्यांना करता येईल.

ब्रॅकेट चिकटवण्यात वेदना अजिबात नाही, फक्त वेळ जातो. दोन्ही गाल प्लास्टिकच्या चौकटीने ओढून धरलेले, जिभेशेजारी लाळ खेचणारी नळी सतत गुरगुरणारी. प्रत्येक दातावर निळ्या रंगाच्या आम्लाचा ठिपका लावला जातो आणि काही सेकंदांनी धुऊन दात वाळवला जातो. त्या वेळी डॉक्टरांनी आरसा दिला म्हणून पाहता आले: दाताची चकाकी जाऊन तो खडूसारखा पांढरा, निस्तेज झालेला होता. त्या खडबडीत झालेल्या पृष्ठभागातच चिकटवायचे द्रव्य रुतते. मग एकेक ब्रॅकेट चिमट्याने उचलून, दाताच्या मध्यावर, सुईसारख्या उपकरणाने इकडे-तिकडे केसभर सरकवून ठेवायचा आणि निळा प्रकाश टाकून घट्ट करायचा. हे बसवणे मला सर्वांत महत्त्वाचे काम वाटले, कारण ब्रॅकेटच्या खाचेतच दाताचा अपेक्षित कल कोरलेला असतो. ब्रॅकेट तिरका बसला तर दातही तिरकाच येतो. शेवटी सगळ्या खाचांतून तार ओवली आणि ती बारीक रबरी वळ्यांनी बांधली. महिन्याने खालची ओळ झाली. वरचे दात खालच्या ब्रॅकेटवर आपटू नयेत म्हणून मागच्या दाढांवर निळसर सिमेंटचे दोन उंचवटे केले होते, त्यामुळे तोंड मिटले की फक्त तेवढेच दोन बिंदू टेकायचे आणि बाकी सारे दात हवेत. अशा तोंडाने चावता येत नाही. सातारकराला भाकरी चावता येऊ नये ही शिक्षाच. मी सहा आठवडे ती आमटीत कुस्करून खाल्ली. कंदी पेढ्याला मात्र परवानगी होती, एवढे एक बरे.

पहिली तार निकेल आणि टायटॅनियमच्या मिश्रधातूची, नायटिनॉलची असते. या शब्दाने मला पहिल्या दिवसापासून छळले, म्हणून त्याचा शोध घेतला. पहिली दोन अक्षरे दोन धातूंची आणि उरलेला भाग अमेरिकी नौदलाच्या ज्या प्रयोगशाळेत तो तयार झाला तिच्या नावाची आद्याक्षरे. १९७० च्या दशकात आयोवा विद्यापीठातल्या जॉर्ज अँड्रिसन यांनी तो दातांच्या तारांसाठी आणला. डॉक्टरांनी मला उरलेला तुकडा हातात दिला. तो बोटाभोवती गुंडाळला तरी सोडताक्षणी पुन्हा कमानीसारखा होतो. वेड्यावाकड्या दातांत अडकवलेली तार तशीच आपल्या मूळ कमानीकडे परत जाऊ पाहते आणि जाता जाता दातांना सोबत नेते. माझ्या तोंडातली तार उष्णतेने ताठ होणाऱ्या प्रकारची होती. सकाळचा गरम चहा घेतला की सगळे दात एकदम आवळल्यासारखे व्हायचे आणि गार पाण्याची चूळ भरली की सैल.

दुखणे किती, हा प्रश्न मला सर्वांत जास्त वेळा विचारला गेला आहे. तारा बसवल्यावर चार-पाच तास काहीच होत नाही. मग रात्री सुरुवात होते, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी केळेसुद्धा चावताना दात दुखावतात आणि साधारण पाचव्या दिवशी आपण ते विसरलेलो असतो. मला त्यापेक्षा तोंडाच्या आतल्या जखमांचा त्रास अधिक झाला. ब्रॅकेट ओठाला आतून घासतात, तारेचे मागचे टोक गालात रुतते. पांढऱ्या मेणाची वाटाण्याएवढी गोळी करून, ब्रॅकेट कोरडा पुसून, त्यावर दाबून बसवायची ही युक्ती मला दोन आठवड्यांनी नीट साधली. शाळा तेव्हा प्रत्यक्ष भरू लागली होती. मास्कच्या आड तारा कोणाला दिसत नव्हत्या, पण 'स' आणि 'श' ऐकू येत होते. माझा 'सहसा' काही दिवस 'शहशा' झाला. आठवीतल्या एका मुलीने तास संपल्यावर जवळ येऊन हळूच विचारले, 'बाई, तुमच्या तोंडात गोळी आहे का?' २ एप्रिल २०२२ ला, पाडव्याच्या दिवशी, मास्कची सक्ती उठली आणि दुसऱ्या दिवसापासून मी उघड्या तारांनी वावरू लागले. माझ्या वर्गात तेव्हा तारावाली तीन मुले होती. त्यांनी मला आपल्यात घेतले आणि कोणत्या रंगाची वळी घ्यावीत याचा सल्लाही दिला. पारदर्शक वळी घ्यायची नाहीत, हळदीने दोन दिवसांत पिवळी होतात, हे त्यांचे म्हणणे मी ऐकायला हवे होते. एका आमटीत माझी सगळी वळी पिवळीधमक झाली आणि पुढचे पाच आठवडे तशीच राहिली. त्यानंतर राखाडी.

दर महिन्याला, कधी पाच आठवड्यांनी, दवाखान्यात जायचे. मला वाटे, तारा अधिक वेळा आवळल्या तर काम लवकर होईल. डॉक्टरांनी एकदा कागदावर दाताचे मूळ आणि हाड काढून दाखवले. मूळ आणि हाड यांच्यामध्ये पाव मिलिमीटरहून कमी जाडीचा तंतूंचा पडदा असतो. तार ज्या बाजूला दात ढकलते तिकडे तो दबतो आणि तिथल्या पेशी हाड विरघळवतात. मागे मोकळ्या होणाऱ्या बाजूला दुसऱ्या पेशी नवे हाड घालतात. म्हणजे दात हाडातून सरकत नाही, हाडच त्याला वाट काढून देते. या कामाला वेळ लागतो, आणि जोर वाढवला तर दबलेल्या जागचा रक्तपुरवठाच बंद पडून दात उलट अडकतो, शिवाय मुळाचे टोक झिजण्याचीही भीती असते. महिन्याला सुमारे एक मिलिमीटर हा त्याचा वेग. उपदाढेची जागा सात मिलिमीटरची, तेव्हा केवळ ती मिटायलाच सात-आठ महिने, हे गणित आठवीतलेच होते. त्या दिवसापासून मी 'लवकर करा' म्हणणे सोडले.

पहिल्या सहा महिन्यांत खालची गर्दी इतक्या झरझर सुटली, की मी रोज आरशात पाहत असे. त्यानंतर स्टीलची जाड, चौकोनी तार आली, रबरी साखळी आली, आणि दिसण्यासारखे काही घडेनासे झाले. याच कंटाळ्याच्या काळात माझ्या हातून उपचार लांबला. वरच्या सुळ्याच्या आकड्यापासून खालच्या दाढेपर्यंत दोन्ही बाजूंना बारीक रबर लावायचे होते, जेवणाची वेळ सोडून चोवीस तास, आणि दिवसातून दोनदा नवे. शिक्षकांच्या खोलीत पर्समधला छोटा आरसा वहीला टेकवून, एका बोटाने गाल ओढून, दुसऱ्या हाताने रबर मागच्या आकड्यात अडकवायचे, मग ते ताणत पुढे आणायचे. एकदा ते नखावरून निसटून थेट शेजारच्या बाईंच्या पोह्यांच्या डब्यात पडले. त्या प्रसंगानंतर मी शाळेत रबर लावणे बंद केले आणि डॉक्टरांना सांगितले नाही. तीन भेटींत त्यांनी माप घेतले आणि तिन्ही वेळा अंतर तेच, साडेचार मिलिमीटर. तिसऱ्या वेळी त्यांनी पट्टी खाली ठेवून शांतपणे विचारले, 'मॅडम, रात्रीच लावता ना?' वर्गात गृहपाठ न आणलेल्या मुलासारखी मी मान खाली घातली. चोवीस महिन्यांचे एकोणतीस झाले त्यातले तीन महिने माझ्या त्या लाजेचे. उरलेल्यांतले काही संक्रांतीचे, कारण जानेवारी २०२३ मध्ये तिळगुळाचा लाडू मऊ आहे असे समजून चावला आणि एका घासात दोन ब्रॅकेट सुटले.

स्वच्छतेबद्दल डॉक्टर जितक्या कडक होत्या तितक्या आणखी कशाबद्दलही नव्हत्या. ब्रॅकेटभोवती अन्न साचून राहिले तर तिथे दातावर पांढरे डाग पडतात आणि ते तारा काढल्यावरच दिसतात, तेव्हा पश्चात्तापाखेरीज काही उरत नाही. तारेखालून जाणारा बाटली धुण्याच्या ब्रशसारखा पण काडीएवढा ब्रश मी शाळेच्या पर्समध्ये, घरी आणि माहेरी असा तीन ठिकाणी ठेवला होता. मेथीची भाजी, शेवया आणि कोथिंबीर यांच्याकडे मी त्या काळात वेगळ्या नजरेने पाहायला शिकले.

एप्रिल २०२४ मध्ये तारा निघाल्या. चिमट्याने दाबला की ब्रॅकेट कट्कन सुटतो. दुखत नाही, पण आवाज थेट कवटीत येतो. चिकटलेले द्रव्य घासून काढल्यावर जीभ दातांवरून फिरवली तेव्हा ते इतके गुळगुळीत लागले, की दुसऱ्या कोणाचे तरी असावेत असे वाटले. पुढे आलेले दात आता खालच्यांच्या अडीच मिलिमीटर पुढे आहेत. घरी आल्यावर मी दार लावून 'प, फ, ब, भ, म' म्हणून पाहिले. ओठ टेकले. सासूबाईंनी बघितले आणि 'चेहरा उतरल्यासारखा दिसतोय,' असे म्हणाल्या. त्यांचेही खोटे नव्हते, कारण दात मागे गेले तसे ओठही मागे गेले होते आणि नाकापाशीची रेघ थोडी अधिक दिसू लागली होती. चाळिशीत तारा लावणाऱ्याला हे कोणीतरी आधी सांगायला हवे.

दुसरी गोष्ट जी आधी सांगितली जाते पण आपण ऐकत नाही, ती म्हणजे रिटेनर, दातांना नव्या जागी धरून ठेवणारे साधन. हिरडीतले ताणलेले तंतू दाताला जुन्या जागी ओढत राहतात आणि नवे हाड पक्के व्हायला अवधी लागतो, म्हणून पुढच्या दातांच्या मागे एक बारीक तार कायमची चिकटवली आहे आणि त्याशिवाय पारदर्शक रिटेनर दिला आहे, जो पहिले सहा महिने दिवसरात्र वापरायचा होता. जूनमध्ये भाच्याच्या लग्नात जेवताना मी तो कागदी रुमालात गुंडाळून ताटाशेजारी ठेवला. पंगत उठली, ताटे उचलली गेली. वाढपी मुलांसोबत मी आणि माझी वहिनी भरजरी साड्यांत कचऱ्याची दोन पिंपे उपसत होतो, पण तो सापडला नाही. नवा बनेपर्यंत नऊ दिवस गेले आणि २५०० रुपये. त्या नऊ दिवसांत काही बदलले असेल असे आरशात दिसत नव्हते. नवा रिटेनर बसवताना मात्र तो उजव्या सुळ्यापाशी अडला आणि पहिल्या दिवशी तारांच्या पहिल्या रात्रीसारखाच दुखला.

तेव्हापासून त्याची निळी डबी हेच त्याचे घर, आणि धुवायचा तो गार पाण्यानेच, कारण गरम पाण्यात त्याचा आकार जातो. आता फक्त रात्री घालते. गेल्या आठवड्यात जिभेला आतल्या तारेचे एक टोक टोचायला लागले आहे. बहुधा डावीकडचा सिमेंटचा एक ठिपका सुटला असावा. शनिवारी अर्धी शाळा असते, तेव्हा दुपारची वेळ घेतली आहे.